जुन्या जीपचे पाटे आणि पसरणीचा घाट

१/
१९४० साली अमेरिकी सैन्याने मोटार कारखानदारांना घातलेल्या एका मुदतीचा धक्का आजही सातारा जिल्ह्यातल्या रस्त्यावर बसतो. विधान अतिशयोक्त वाटेल. परंतु वाईतील एका इतिहास-शिक्षकांच्या १९६७ सालच्या जीपचे पाटे नुकतेच उतरवून पुन्हा बसवण्यात आले आणि त्यानंतरच्या चाचणीफेरीत हा धक्का शब्दशः अनुभवास आला. जुनी वस्तू ‘मूळ रूपात’ आणायची म्हणजे नेमक्या कोणत्या रूपात, हा प्रश्नही त्याच फेरीत पुढे आला. या थ्रेडमध्ये त्या जीपची, तिच्या पाट्यांची आणि त्या प्रश्नाची हकिगत.

२/
प्रथम वस्तूची ओळख. ट्रकच्या किंवा जुन्या जीपच्या चाकाजवळ वाकून पाहिले की धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्यांची चवड दिसते. सर्वांत लांब पट्टी वर, तिच्याखाली क्रमाने आखूड होत गेलेल्या पट्ट्या. मधोमध सगळ्यांना एकत्र धरणारा सेंटर बोल्ट आणि अ‍ॅक्सलला आवळून ठेवणारे यू-बोल्ट. मराठीत यांना ‘पाटे’ म्हणतात आणि त्यांच्या वाकाला ‘कमान’. गाडीचे ओझे पेलणे, खड्ड्याचा धक्का गिळणे आणि अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवणे ही तिन्ही कामे पाटे एकटेच करतात.

३/
ही युक्ती मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. ओबडाया इलियट या इंग्रज कारागिराने १८०४ मध्ये लंबवर्तुळाकार पाट्यांवर तोललेल्या घोडागाडीचे पेटंट घेतले. त्यानंतर घोडागाडीचा जड लाकडी सांगाडा हलका झाला आणि प्रवास सुसह्य झाला. आपल्याकडे टांग्याखाली दिसणारे पाटे याच घराण्यातले. मोटार आली तेव्हा तिने चाके, आसने आणि दिवे यांच्याबरोबर हे पाटेही घोडागाडीकडूनच उचलले. जीपच्या पोटाखाली म्हणूनच विसाव्या शतकाच्या इंजिनाशेजारी एकोणिसाव्या शतकातली कमान नांदते.

४/
आता ती मुदत. युरोपात युद्ध पेटलेले होते. जुलै १९४० मध्ये अमेरिकी सैन्याने १३५ कारखानदारांना आवाहन केले: हलकी, चारही चाकांना जोर देणारी टेहळणीची गाडी हवी, पहिला नमुना ४९ दिवसांत हवा. पेनसिल्व्हेनियातील बटलर गावच्या बॅन्टम या छोट्या कंपनीने ते आव्हान स्वीकारले. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याने आराखडा अक्षरशः काही दिवसांत उभा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी नमुना मेरीलँडमधील होलाबर्ड तळावर दाखल झाला. पुढे विलीज आणि फोर्ड यांनीही आपापले नमुने दिले आणि युद्धकाळात या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या.

५/
४९ दिवसांत नवे सस्पेन्शन शोधून काढणे शक्य नव्हते. बाजारात जे तयार होते, ज्यावर विश्वास होता, तेच घेणे भाग होते, आणि ते म्हणजे पाटे. त्यांना वेगळ्या दांड्या, सांधे, आधार लागत नाहीत. रणभूमीवर एखादा पाटा तुटला तरी बाकीच्यांवर गाडी रखडत परत येते. साध्या हत्यारांनी तो बदलता येतो. घाईत घेतलेला निर्णय होता, पण अविचारी नव्हता. आज जीपमध्ये बसणाऱ्याच्या पाठीला जो हिसका बसतो, तो त्या निर्णयाची किंमत आहे.

६/
दुसरे कारण वजनाचे. माणसे, दारूगोळा, बिनतारी यंत्र असे सुमारे ६०० पौंड, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे किलो ओझे या गाडीने वाहावे अशी अपेक्षा होती. पाटे त्या ओझ्याच्या हिशेबाने कडक ठेवले गेले. जीपला एकटा चालक घेऊन रिकामी फिरवली तर पाटे अर्धवट झोपेत असतात. खड्ड्याला दबण्याऐवजी ते गाडीलाच वर फेकतात. चार माणसे बसली की तीच जीप शहाण्यासारखी चालू लागते. चाचणीफेरीत हे तत्त्व पुढे उपयोगी पडणार आहे.

७/
ही गाडी महाराष्ट्रात आली कशी? २ ऑक्टोबर १९४५ रोजी के. सी. महिंद्र, जे. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. १९४९ मध्ये मुंबईच्या माझगावात, अमेरिकेहून सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या विलीज जीप जोडायला सुरुवात झाली. फाळणीचा इतिहास असा एका मोटार कंपनीच्या पाटीवरही उमटला आहे.

८/
जीप हा शब्द त्या वर्षांत भारतीय राजकारणातही गाजत होता. १९४८ मध्ये लंडनमधील भारतीय उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी, दुरुस्त करून द्यावयाच्या जुन्या जीपगाड्यांचा करार केला. भारतात पोहोचलेल्या १५५ गाड्या वापरण्यास अयोग्य ठरल्या आणि संसदेत गदारोळ झाला. स्वतंत्र भारतातील पहिल्या मोठ्या संरक्षण-खरेदी वादाच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती: दुरुस्त झाली असे कागदावर म्हणणे वेगळे आणि दुरुस्त गाडी रस्त्यावर चालवून स्वीकारणे वेगळे. प्रत्येक गॅरेजमध्ये हा धडा रोज नव्याने गिरवला जातो.

९/
शिक्षकांची जीप सीजे-३बी या मॉडेलची. मूळ युद्धकालीन जीपपेक्षा हिचे बॉनेट उंच, कारण आतले हरिकेन इंजिन उंच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांतील अंतर मात्र तेच, ८० इंच. पाट्यांची मांडणीही जवळजवळ तीच. अमेरिकेत या मॉडेलचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात ते नंतरही दीर्घकाळ बनत राहिले. त्यामुळे आपल्याकडे ‘जीप’ म्हटल्यावर जी आकृती डोळ्यांपुढे येते ती बहुधा याच उंच कपाळाच्या गाडीची असते.

१०/
प्रत्येक जुन्या गाडीचे एक चरित्र असते. या जीपची पहिली वर्षे एका सरकारी खात्यात गेली. पुढे लिलावात ती एका खेड्यातील कुटुंबाने घेतली आणि तिचे दुसरे आयुष्य सुरू झाले: वडाप. पश्चिम महाराष्ट्राबाहेरील वाचकांसाठी सांगायचे तर, वडाप म्हणजे गावोगावच्या फाट्यांवरून माणसे भरून नेणारी खाजगी वाहतूक. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली आणि पुढे लाल गाडी खेडोपाडी पोहोचली. पण जिथे ती दिवसातून एकदाच येई, तिथे उरलेल्या दिवसाचा भार वडापने वाहिला.

११/
सहा माणसांच्या जीपमध्ये दहा-अकरा माणसे, त्यांची गाठोडी, दुधाच्या किटल्या, बाजाराच्या दिवशी एखादे करडू. मागच्या फळीवर उभे राहणाऱ्यांसाठी छताच्या कडेला लोखंडी दांडा वेल्डिंग करून बसवलेला होता. असंख्य तळहातांनी घासून तो इतका गुळगुळीत झाला आहे की त्याच्यावर रंग टिकत नाही. एवढे वजन मूळ पाटे पेलणार नव्हते. मग तेव्हाच्या कुणा मिस्त्रीने मागच्या प्रत्येक बाजूला तीन-तीन जादा पाटे चढवले आणि जीपची शेपटी उंच झाली.

१२/
वडाप थांबल्यावर जीप कित्येक पावसाळे एका गोठ्याशेजारी उभी होती. शिक्षकांनी ती घेतली तेव्हा इंजिन जिवंत होते, पण चाल बिघडलेली. रिकाम्या गाडीला ते जादा पाटे जुमानत नसत. लहानशा खड्ड्यावरून मागची चाके उसळत. वळणावर खड्डा आला की शेपटी बाजूला फेकली जाई. पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते, एका मुख्य पाट्याला डोळ्याजवळ तडा गेलेला होता. गाडी सुंदर दिसत होती आणि धोकादायक होती. सस्पेन्शनचे काम आता टाळता येण्यासारखे नव्हते.

१३/
काम करायचे ते कशाच्या दिशेने, हा खरा पेच. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल होऊन ५० वर्षांहून जुन्या खाजगी गाड्यांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची सोय झाली. अट अशी की गाडी मूळ रूपात जपलेली असावी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा. किल्ल्यांच्या डागडुजीत चुन्याच्या जागी सिमेंट वापरले की दुर्गप्रेमी अस्वस्थ होतात, कारण चुना भिंतीला श्वास घेऊ देतो आणि सिमेंट ओल कोंडून ठेवते. शिक्षकांची भूमिका तीच होती: १९६७ चे ते ठेवायचे, नंतरचे ते काढायचे.

१४/
मिस्त्रींनी पाटे खोलले. एकेक पाटा तारेच्या ब्रशने घासून, तडा शोधून वेगळा ठेवला. ज्यांची कमान बसली होती त्यांना ऐरणीवर थंड अवस्थेतच हातोड्याने ठोकून पुन्हा वाक दिला. लाल होईपर्यंत तापवले तर स्प्रिंगच्या पोलादाचा कस जातो. तडा गेलेला मुख्य पाटा नवा घातला. पाट्यांमध्ये ग्रीस, नवे बुश, नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलपैकी काहींना उलटे आटे असतात. ते ध्यानात न घेता जोर लावला तर आटेच जातात. जादा सहा पाटे बाजूला, भिंतीशी.

१५/
चाचणीफेरी गाडी सुरू करण्याआधीच सुरू होते. सपाट फरशीवर जीप उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजले गेले. डावी-उजवी बाजू जवळपास सारखी. मागची बाजू पूर्वीपेक्षा दोन इंच खाली. ब्रेकच्या रबरी नळ्या ताणल्या जात नाहीत ना, स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना टायर पाट्याला घासत नाही ना, हे पाहिले. मग मिस्त्री म्हणाले, “सर, ट्रायल तुम्हीच मारा. मी शेजारी बसतो. आधी ब्रेक बघायचा, पाटे नंतर.”

१६/
पहिला टप्पा वाईहून सुरूरच्या दिशेचा सपाट रस्ता. २० किलोमीटरचा वेग, मग ३०. रिकाम्या रस्त्यावर दोन वेळा जोराने ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली, कोणत्याही बाजूला ओढ नव्हती. पूर्वी जिथे मागून धाडकन आवाज येई त्या गतिरोधकावर या वेळी एकच जाड, भरीव ‘धप्’ ऐकू आला. पाठीला धक्का बसला, पण तो कळण्यासारखा होता: एकदा वर, एकदा खाली, आणि शांत. शिक्षकांच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा सैल झाला.

१७/
या ‘एकदा वर, एकदा खाली’मागे शास्त्र आहे. ८० इंच म्हणजे सुमारे दोन मीटर. ३० किलोमीटर वेगाने जाताना पुढचे चाक उंचवट्यावर चढल्यापासून साधारण पाव सेकंदात मागचे चाक तिथे पोहोचते. पुढची बाजू अजून डोलत असतानाच मागची डोलू लागते आणि आखूड गाडी होडीसारखी हेलकावते. रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत गेलेले अभियंते मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात दाखवून दिले की मागच्या स्प्रिंगची लय पुढच्यापेक्षा थोडी जलद ठेवली तर मागची बाजू पुढचीला गाठते आणि हेलकावा लवकर मिटतो. हा फरक थोडाच हवा. वडापच्या जादा पाट्यांनी तो प्रमाणाबाहेर वाढवला होता.

१८/
पाट्यांचे आणखी एक वैशिष्ट्य त्यांच्या घर्षणात आहे. गाडी दबते तेव्हा पट्ट्या एकमेकींवर सरकतात आणि ते घासणेच हेलकाव्याला आवर घालते. सुरुवातीच्या मोटारींना वेगळे शॉक अ‍ॅब्सॉर्बर नव्हते तरी त्या चालत, त्या याच घर्षणावर. पण घर्षण अति झाले, पट्ट्या गंजून चिकटल्या, तर पाट्यांची चवड एक सलग लोखंडी पहार होते. ग्रीसने ती पहार पुन्हा पाटे झाली होती. राहिलेला हेलकावा नव्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधील तेल गिळत होते.

१९/
वेग ४० च्या पुढे गेला आणि डांबराच्या एका ठिगळावरून डावे चाक उतरले. त्याच क्षणी स्टेअरिंग थरथरू लागले. आधी बारीक, मग इतके जोरात की दोन्ही हातांना आवरेना. पुढची चाके डावी-उजवीकडे फडफडत होती आणि बॉनेट त्यांच्याबरोबर. समोरून उसाचा ट्रॅक्टर येत होता. “ब्रेक नका मारू सर, पाय काढा. हातात घट्ट धरून ठेवा,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. वेग २० वर आला तेव्हा थरथर थांबली. ट्रॅक्टर शेजारून निघून गेला. रस्त्याकडेला गाडी उभी करून दोघे काही वेळ काहीच बोलले नाहीत.

२०/
सलग अ‍ॅक्सलच्या जुन्या गाड्यांना ही थरथर अपरिचित नाही. एका चाकाचा धक्का अ‍ॅक्सलवाटे दुसऱ्या चाकाला पोहोचतो, ते उलटा झटका देते आणि दोघे एकमेकांना झोके देत राहतात. कारणे अनेक: सैल बेअरिंग, झिजलेला बेलक्रँक, असमतोल टायर. गॅरेजमध्ये परत येऊन मिस्त्रींनी ती क्रमाने तपासली. चाकांत खेळ नव्हता. बेलक्रँक नुकताच बदललेला होता. मग ते पुढच्या अ‍ॅक्सलखाली आडवे झाले, टॉर्च मागितला आणि बराच वेळ एकाच जागी पाहत राहिले.

२१/
पुढचे पाटे आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक पोलादी पाचर होती. जवळपास दोन अंशांची, गंजाने आणि चिखलाने पाट्याशी एकजीव झालेली, म्हणूनच खोलताना वेगळी न दिसलेली. चाकाची किंगपिन मागच्या बाजूला किंचित कललेली असते, सायकलच्या पुढच्या काट्यासारखी. या कलाला कॅस्टर म्हणतात आणि या जीपला तो तीन अंशांचा लागतो. त्यामुळेच वळणानंतर स्टेअरिंग आपोआप सरळ होते. पाचर हा कल वाढवत होती. पण ती तिथे घातली कोणी, आणि का?

२२/
उत्तर वडापमध्ये होते. मागे जादा पाटे घातल्यावर शेपटी दोन इंच उचलली गेली. ८० इंच लांबीवर दोन इंच म्हणजे जवळजवळ दीड अंश. गाडी तेवढी नाकावर झुकली आणि कॅस्टर निम्म्यावर आला. अशा गाडीचे स्टेअरिंग रस्ता सोडून भरकटते. त्या अनाम मिस्त्रीला ते कळले आणि त्याने पाचर घालून हरवलेला कल परत दिला. आता शेपटी खाली आली, पाचर मात्र राहिली. तीनचा कल पाच झाला. स्टेअरिंग जड झाले आणि अति कलामुळे थरथरीला वाव मिळाला.

२३/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे थांबावे. नंतरचा थर काढला म्हणजे खालचा मूळ थर आपोआप उघडा पडतो, अशी आपली समजूत असते. तसे घडत नाही. नंतरच्या प्रत्येक बदलाने आपल्याभोवती आणखी बदल घडवलेले असतात. एक उपटला की दुसरा निराधार होतो आणि भार भलतीकडे जातो. वाड्याची नंतरची भिंत पाडल्यावर जुनी तुळई का वाकते, याचे उत्तरही हेच. काढण्याआधी तो बदल कशाचे उत्तर होता, हे वाचावे लागते. पाचरीने तो धडा ४० किलोमीटर वेगाने शिकवला.

२४/
पाचरी निघाल्या, कोन पुन्हा मोजला गेला, यू-बोल्ट आवळले गेले. दुसऱ्या फेरीत मागे वाळूची चार पोती ठेवली, प्रत्येकी सुमारे ५० किलो, म्हणजे १९४० च्या अपेक्षेच्या जवळ जाणारे ओझे. त्याच रस्त्यावर, त्याच ठिगळावरून, आधी ३०, मग ४०, मग ५०. स्टेअरिंग हलके थरारले आणि स्वतःच स्थिरावले. मग उसाच्या शेताकडेची बैलगाडीची चाकोरी: एक चाक खोलात, दुसरे बांधावर. पाटे पिळले गेले, कुरकुरले, पण चारही चाके जमिनीला धरून राहिली. ओझ्याखाली जीपला तिची चाल सापडली होती.

२५/
घाट चढण्याआधी पसरणी गावाजवळ पाणी घ्यायला ते थांबले. टपरीवरचे एक वृद्ध उठून जीपभोवती फिरले. मागचा लोखंडी दांडा त्यांनी हाताने धरून पाहिला आणि गाडी ओळखली. वाकून खाली नजर टाकत ते म्हणाले, “पाटं काढलं व्हय?” शिक्षकांनी मूळ रूपाबद्दल काही सांगायला सुरुवात केली. वृद्धांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “आमच्या आईला ह्याच गाडीनं रातोरात वाईच्या दवाखान्यात न्हेलं हुतं, मास्तर. तवा बारा जण हुते आत. त्या पाट्यांनी पेललं.” एवढे बोलून ते पुन्हा बाकावर जाऊन बसले.

२६/
पसरणीचा घाट वाईला पाचगणीशी जोडतो. चढणीवर दुसऱ्या गिअरमध्ये जीप धापा टाकत चढली. वळणांवर अंग कलले, पण शेपटी मागे राहिली नाही. खाली कृष्णेचे खोरे उलगडत होते. परतताना उतारावर मिस्त्रींनी बजावले, “चढताना ज्या गिअरात आलात, त्याच गिअरात उतरा.” प्रत्येक वळणाआधी वजन पुढच्या पाट्यांवर येई, ते दबत, आणि वळण संपताच शांतपणे परत येत. शिक्षक मात्र चढापासून फारसे बोलले नव्हते. टपरीवरचे शब्द त्यांच्या मनात घोळत असावेत.

२७/
गॅरेजमध्ये परतल्यावर मिस्त्रींनी यू-बोल्टांना पुन्हा पाना लावला. पाटे नव्याने बसवल्यावर पहिल्या फेरीत ते एकमेकांत बसतात आणि बोल्ट सैल होतात. दुसऱ्यांदा आवळल्याशिवाय काम पुरे होत नाही. पाना प्रत्येक बोल्टवर जवळजवळ पाव फेरा फिरला. मग त्यांनी भिंतीशी ठेवलेल्या सहा पाट्यांकडे पाहून विचारले, “हे भंगारात देऊ का सर?” शिक्षक म्हणाले, “नको, मिस्त्री. घरी नेतो. पाचरीही द्या.” मागचा दांडा कापून काढायचे ठरले होते. तो त्यांनी राहू दिला.

२८/
आज ते सहा पाटे आणि दोन पाचरी शिक्षकांच्या घरी तारेने बांधून, तेल लावून ठेवलेल्या आहेत. सोबत एक कागद आहे: त्या गाडीच्या कोणत्या बाजूला होत्या, किती उंची वाढवत होत्या, कधी आणि कोणी काढल्या. रस्त्यावर जीप १९६७ च्या चालीने चालते, कारण रिकाम्या गाडीला तेच सुरक्षित आहे. तिचे वडापचे आयुष्य मात्र पुसले गेलेले नाही. कागदात, पाट्यांत आणि त्या गुळगुळीत दांड्यात ते शिल्लक आहे. व्हिंटेज नोंदणीचा अर्ज करायचा की नाही, याचा निर्णय त्यांनी अद्याप घेतलेला नाही.

२९/
ज्यांच्या घरी, शेतात किंवा गोठ्याशेजारी जुनी जीप उभी असेल त्यांनी एकदा तिच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाटे मोजावेत. दोन्ही बाजूंची संख्या, एखादा वेगळ्या जाडीचा पाटा, अ‍ॅक्सलवरची पाचर, वेल्डिंगच्या खुणा नोंदवाव्यात, फोटो काढावेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे की हे कधी, कशासाठी केले. पाना त्यानंतर हातात घ्यावा. आणि दुरुस्तीनंतरची पहिली फेरी हळू, रिकाम्या रस्त्यावर, जाणत्या माणसाला शेजारी बसवून मारावी.

(समाप्त)